पंचेचाळिशीनंतरची त्वचा, मेकअप आणि आपण (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मैत्रिणींसाठी)

टिळकवाडीची

नमस्कार मंडळी,

माझं टिळकवाडीत छोटं पार्लर आहे. नवरीचा मेकअप, आयब्रो, क्लीनअप हे चालूच असतं, पण हल्ली माझ्याकडे पंचेचाळीस ते साठीतल्या बायकांची ये-जा वाढलीय. २०२३ मध्ये शक्ती योजना आली, बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूर, नंदगड, बैलहोंगल इकडूनही येतात. स्वयंपाक आवरून दुपारच्या गाडीनं यायचं, शाळा सुटायच्या आत परत. कुणाच्या लेकीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला बचत गटाच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलायचं असतं, कुणाच्या सुनेच्या माहेरची माणसं यायची असतात. आणि खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "आता काय व्हायचंय आमचं, तरी बघा काही होतंय का."

अशा बायकांना पॅकेज द्यायचं मी बंद केलंय. गोल्ड फेशियल, डायमंड फेशियल करून चेहरा दोन दिवस चकाकतो, तिसऱ्या दिवशी खाज सुटते आणि बाई म्हणते, मला काही मानवतच नाही. त्यापेक्षा पहिली भेट नुसती बोलायची. सकाळी कितीला उठता, चुलीवर करता की गॅसवर, शेतात जाता का, पाळी चालू आहे की थांबली, थायरॉईडची किंवा शुगरची गोळी आहे का. आणि जाताना सांगायचं, आत्ता चेहऱ्याला जे जे लावता ते पुढच्या खेपेला पिशवीत घालून आणा.

पिशवी बघण्यासारखी असते हो. लेकीनं पुण्याहून पाठवलेलं व्हिटॅमिन सीचं सीरम, तपकिरी पडलेलं. जावेनं दिलेली नाईट क्रीम, मुदत कधीच उलटून गेलेली. शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली एक बारीक ट्यूब. टाल्कम पावडर. तळाशी कैलास जीवन, ते तर असणारच. यातलं निम्म्याहून जास्त मी बाजूला काढते. पर्सनलाइज्डच्या नावाखाली कंपन्या आणखी दहा बाटल्या गळ्यात मारतात. मी आधी तिचा दिवस बघते आणि त्या दिवसात न बसणारं काढून टाकते.

फाउंडेशनचं घ्या. दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली मनगटावर लावून शेड घेतली जाते आणि ती हटकून दोन शेड उजळ निघते. मी बाईला गॅलरीच्या दारात उजेडाला उभी करते, जबड्याच्या कडेनं तीन शेडच्या तीन बारीक रेघा ओढते, हातात आरसा देते आणि गप्प बसते. पाचेक मिनिटांत दोन रेघा तशाच दिसत राहतात, एक कुठं गेली ते कळत नाही. जी दिसत नाही ती तुमची. आता ती आपली म्हणून मान्य करायला वेळ लागतो. "एवढी काळी हाय व्हय मी?" असं विचारतात. अहो, तुम्ही आहात तेवढ्याच आहात, आजवर चेहरा एकीचा आणि मान दुसरीची होती.

मेकअप शिकवताना अर्धा चेहरा मी करते, उरलेला अर्धा तिनं करायचा. वाकडं झालं की पुसायचं, परत करायचं. माझ्या खुर्चीत सुंदर दिसून तिला काय मिळणार? लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला, घरात वीस पाहुणे असताना, न्हाणीघराच्या आरशात तिचा तिला दहा मिनिटांत जमला पाहिजे.

तर आता तुम्ही लिहा. काय लावता, काय सोसलं नाही, कशाची भीती वाटते, घरचे काय म्हणतात. पुरुष मंडळींनाही मज्जाव नाही.

कुंदा_कमी_साखर

छान धागा, ताई. मी ४८. गेल्या वर्षापासून चेहऱ्याचं काय झालंय कळेना. वीस वर्षं जो फेसवॉश लावत आले तोच आता झोंबतो. गालावर कोरडं आणि हनुवटीवर पुटकुळ्या, म्हणजे दोन्हीकडून मार. शिवाय हनुवटीवर दोन जाड केस, उपटले की परत हजर. हे फक्त मलाच होतंय का?

अनगोळ_आजी

कुंदा, तुझ्या दोन केसांचं काय घेऊन बसलीस गे, माझं बघ. मी तर दर रविवारी चिमटा घेऊन उन्हात बसतो. नातू विचारतो, आजी काय शोधूलालीस?

बॉक्साईट रोड

मी त्वचारोगाच्या ओपीडीत काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

कुंदा, फक्त तुम्हालाच नाही. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते आणि त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं संप्रेरक, वरखाली होत असतं. ते उतरलं की तेलग्रंथी मंदावतात, त्वचेला पाणी धरून ठेवता येत नाही, वरचा थर नाजूक होतो. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजेन साधारण ३० टक्क्यांनी घटतं, पुढे दरवर्षी २ टक्क्यांच्या आसपास. इस्ट्रोजेन घटतं त्या मानानं शरीरातली पुरुषी संप्रेरकं कमी होत नाहीत, म्हणून हनुवटीवरचे केस आणि पुटकुळ्या. दोन-चार केस असतील तर चिमटा, दोरा, काहीही चालेल. एकदम दाढीसारखे वाढायला लागले, आवाज बदलला, तर मात्र डॉक्टर.

फेसवॉश झोंबतोय तर बदला. फेस कमी येणारा सौम्य क्लेन्झर रात्री एकदा, सकाळी नुसतं पाणी. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं मॉइश्चरायझर. एवढ्यानंच निम्म्या जणींची जळजळ थांबते. सुरकुत्यांसाठी रेटिनॉल चांगलं औषध आहे, पण आधी त्वचा शांत होऊ द्या. मग आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढंच, सगळ्या चेहऱ्याला मिळून. परिणाम दिसायला तीन-चार महिने लागतात आणि आमच्या पेशंट बायका तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

आता वांग. बेळगाव भागातल्या ओपीडीत या वयाच्या बायकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छप्पा. कारणं बरीच: ऊन, संप्रेरकं, घराण्यात असणं, थायरॉईड. चुलीच्या झळेनंही वाढतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. हवा गार, त्यामुळे ऊन लागतंय हे अंगाला कळत नाही, पण चेहऱ्याला कळतं. पावसाळ्यातही ढगांतून अतिनील किरण बरेच येतात, खिडकीच्या काचेतूनही काही येतात.

वांग असलेल्या बाईनं साधं सनस्क्रीन घेण्यापेक्षा रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्यावं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं. साध्या सनस्क्रीनमधून डोळ्यांना दिसणारा प्रकाश आरपार जातो आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत वांग त्यानंही गडद होतं. टिंटेडनं ते अडतं आणि डागही थोडे झाकतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा-मानेला मिळून. बहुतेक जणी याच्या पाव हिश्श्याएवढं लावतात आणि म्हणतात फरक पडत नाही. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं, ९७ टक्के अडतात, ५० ला ९८. म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याचं प्रमाण महत्त्वाचं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत.

आणि टिळकवाडीचीताई, त्या मेडिकलमधल्या बारीक ट्यूबचं नीट सांगा बायकांना. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉईड असतं, कधी सोबत हायड्रोक्विनोन, म्हणजे रंग फिका करणारं औषध. पहिले पंधरा दिवस चेहरा लखलखीत होतो. मग त्वचा पातळ पडते, लाल होते, बारीक शिरा दिसतात, केस वाढतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो, म्हणून बाई परत तीच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टिरॉईडची अनेक मलमं शेड्यूल 'एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी मिळतात. बरेच दिवस लावत असाल तर एका दिवसात सोडू नका, डॉक्टरला दाखवून सोडा.

कणकुंबी

वाचनखूण साठवली. टिंटेडचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

चोर्ला घाट

माफ करा, पण थोडं विरुद्ध लिहितो. आमच्या आईनं आयुष्यभर बेसन, हळद, साय, लिंबू यापलीकडे काही लावलं नाही आणि सत्तरीतही चेहरा तुकतुकीत होता. आत्मविश्वास कामातून येतो, शिक्षणातून येतो. तो क्रीमच्या डबीत भरून विकणं ही बाजाराची चलाखी आहे. आधी कमीपणा वाटायला लावायचा, मग त्यावर इलाज विकायचा. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' या गोरेपणाच्या क्रीमनं हेच केलं. २०२० मध्ये त्या डबीवरचा 'फेअर' शब्द गेला, लोकांच्या डोक्यातून गेला का?

खासबागचा_माग

चोर्ला घाट, बाजाराचं म्हणणं पटलं. बाकीचं नाही.

माझ्या सासूबाई मागावर बसायच्या, मी साड्यांचं दुकान बघते. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या तोंडाकडं बघतं, मग साडीकडं. पन्नाशीत डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले, तर विचारतात, "वैनी, बरं नाही काय?" दिवसातून चार वेळा हे ऐकलं की खरंच बरं नसल्यासारखं वाटायला लागतं. मी आता सकाळी चार गोष्टी लावते आणि कोण काही विचारत नाही. आत्मविश्वास वगैरे मोठं नाव मी त्याला देणार नाही. डोकं हिशोबाला मोकळं राहतं एवढंच.

आणि तुम्ही मिशा काळ्या करता का हो? खरं सांगा.

चोर्ला घाट

करतो. :)

बॉक्साईट रोड

चोर्ला, बेसन-साय चालेल. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात ते महिनोन्महिने जात नाहीत. तुमच्या आईंचा चेहरा तुकतुकीत होता तो बहुधा पदर डोक्यावर घेतल्यामुळे.

सीमेवरचा_सातबारा

शीर्षकात 'बेळगाव' की 'बेळगावी'? २०१४ पासून अधिकृत नाव...

टिळकवाडीची

सातबारा, हात जोडते. त्याच्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत. इथे वांगावर बोलूया.

अनगोळ_आजी

अगे, आमच्या वेळी अफगाण स्नो होता. मुंबईच्या पाटणवाला कंपनीनं १९१९ साली काढलेला, निळी बाटली. माझ्या आईकडं एकच होती, लग्नकार्याला बाहेर निघायची. आम्ही पोरी बोट बुडवायला गेलो की हातावर फटका.

मी सांगतो, मला काय तोंडावर सुरकुत्या पडल्या त्याचं काय नाही. मला राग येतो तो "शोभतं काय" म्हणणाऱ्यांचा. सासू असेपर्यंत सासू म्हणायची, आता सून म्हणते. गेल्या हळदी-कुंकवाला मी डाळिंबी लिपस्टिक लावून गेलो. एक बाई म्हणाली, काकू, तुमचं वय काय. मी म्हटलं, लिपस्टिकचं वय विचार, ती नवीनच हाय.

टिळकवाडे, लिपस्टिक ओठाच्या कडेनं वर सरकते, सुरकुतीत भरते. त्यावर काय करावं?

टिळकवाडीची

आजी, लावण्याआधी ओठाला मलम लावून दहा मिनिटं ठेवा, मग टिपकागदानं पूर्ण पुसून घ्या. ओठाच्याच रंगाच्या लायनरनं कडा आखायची आणि आतलं सगळं लायनरनंच भरायचं. त्यावर लिपस्टिक बोटानं थापायची, कांडी सरळ फिरवायची नाही. एकदा टिपून परत एक हात. फार चकचकीत किंवा तेलकट घेऊ नका, तीच पळते. तुमची डाळिंबी अजिबात सोडू नका. पांढऱ्या केसांना फिक्या रंगापेक्षा असे भरलेले रंग उठून दिसतात.

निपाणीकर

आमच्याकडं विडी आणि तंबाखूत काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांना तोंडाचं नंतर, आधी हाताचं विचारा. बोटं पिवळी पडतात, नखाशी चिरा पडतात, लग्नात जेवायला वाढताना हात पदराखाली घेतात. त्यांच्यासाठी काही आहे का? आणि खर्चाचं पण बोला. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० येतात त्यात गॅस, पोरांची फी, औषधं. त्यातून हजाराचं सीरम कोण घेणार?

टिळकवाडीची

निपाणीकर, बरं झालं लिहिलंत. सीरम कुणीच घेऊ नका. हातासाठी: काम संपल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण, चोळून घासायचं नाही. हात ओले असतानाच साधी पेट्रोलियम जेली, रात्री जाड थर आणि वर जुने सुती मोजे. चिरा पंधरा दिवसांत भरायला लागतात. डाग मात्र काम चालू असेपर्यंत पूर्ण जाणार नाहीत, ते मी खोटं सांगणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नखं बारीक कापून गडद रंगाची नेलपॉलिश लावा, पिवळेपणा लपतो. मेंदीनंही लपतो, फक्त 'काळी मेंदी' म्हणून शंकू मिळतो तो घेऊ नका. त्यात केसांच्या डायचं रसायन असतं आणि हातावर फोड येतात.

चेहऱ्यासाठी तीनच वस्तू. एक मॉइश्चरायझर, मोठ्या बाटलीतलं अंगाला लावायचं, पण बिनवासाचं असलं तर तेच चेहऱ्यालाही चालतं. एक सनस्क्रीन. एक लिपस्टिक, जी ओठालाही आणि बोटानं गालालाही लावता येते. आणि उन्हात कामाला जाणाऱ्यांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला तर त्या सावलीला एक रुपया लागत नाही.

बॉक्साईट रोड

खर्चाच्या भीतीनं स्वस्त 'गोरं करणारी' डबी मात्र नको. बिननावाच्या, कुठं बनली ते न लिहिलेल्या क्रीममध्ये पारा सापडतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरममध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांना किडनीचा आजार झाल्याचं डॉक्टरांनी उघड केलं. चार दिवसांत गोरं करणारी कुठलीही गोष्ट संशयानं बघा.

मलप्रभेकाठची

बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. वय ५२. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. मी शाळेत शिकवते, रोज पन्नास मुलांपुढे उभी राहते. मिस्टर गेल्यापासून टिकली नाही, पावडर नाही, साड्या सगळ्या फिक्या. कुणी सक्ती केली असं नाही, पण कुणी लाव असंही म्हटलं नाही. आता शाळेत स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. लेक म्हणते, आई, थोडं आवर. मला आवरायचं आहे की नाही हेच कळत नाही. लावलं तर गल्लीत बोलतील, नाही लावलं तर स्टेजवर लाइटमध्ये मी आजारी दिसते.

दुसरं म्हणजे, कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आहे, जुना. टिकली बंद झाल्यावर तो जास्तच दिसायला लागला. लोकांना वाटतं कोड आहे.

खासबागचा_माग

ताई, आधी लिहिलंत ते फार बरं केलंत.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे ना, तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपण कर्नाटकात, तो ठराव आपल्याला लागू नाही, पण आपले पाहुणे शिरोळ-कागलचेच. माझी मावशी हेरवाडच्या शेजारची. ती त्या वर्षापासून टिकली लावते. पहिले दोन महिने बोलले, मग गल्लीला दुसरा विषय मिळाला.

अनगोळ_आजी

पोरी, मी पण एकटीच. धनी गेल्याला बरीच वर्षं झाली. वर डाळिंबी लिपस्टिकचं लिहिलं ते वाचलीस न्हवं? तू सुम्म बसू नको, आणि कुणी सांगतंय म्हणून लावू पण नको.

टिळकवाडीची

मलप्रभेकाठच्या ताई, डागाचं आधी. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल नावाचं रसायन असायचं, काही टिकल्यांत अजूनही असतं. ते त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. म्हणून बरोब्बर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. गोंद बंद केल्यावर काहींचा रंग परत येतो, काहींना औषध लागतं. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, खरं कोड आहे की नाही ते तेच सांगतील. तोवर स्टेजपुरतं झाकायचं असेल तर डागावर थोडा पिवळट-नारिंगी झाक असलेला कन्सीलर, वर तुमच्या शेडचं फाउंडेशन, बारीक ब्रशनं फक्त तेवढ्याच जागी.

आता स्टेजचं. माझ्याकडे तुमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात आणि त्यांना मी मेकअप म्हणतच नाही. पहिल्या दिवशी फक्त भुवया, त्याही कोरून कमान करायची नाही, खालचे विस्कटलेले केस काढायचे. पन्नाशीत भुवया विरळ होतात, तिथं राखाडी-तपकिरी पेन्सिलनं केसासारख्या बारीक रेघा. एवढ्यानं चेहरा जागा होतो आणि गल्लीत कुणाच्या लक्षात येत नाही काय केलं ते. मग मॉइश्चरायझर, त्यावर तुमच्या रंगाचा टिंटेड सनस्क्रीन. ओठाला ओठाच्याच रंगाचं काहीतरी. टिकली, काजळ, रंगीत साडी हे सगळं तुमचं तुम्ही ठरवा. आज ठरवलं आणि उद्या नको वाटलं तर पुसून टाका.

स्टेजच्या लाइटला चकचकीत पावडर आणि शिमर टाळा. सुरकुतीत बसते आणि फोटोत पांढरी दिसते.

मलप्रभेकाठची

भुवयांचं जमेल. शनिवारी दुपारी शाळा सुटते, येऊन जाते.

कुंदा_कमी_साखर

मला एक प्रॅक्टिकल अडचण आहे. चाळिशी लावली की डोळ्याला काही लावता येत नाही, काढली की दिसत नाही. काजळ नेहमी गालावर.

टिळकवाडीची

हे मला रोज ऐकायला मिळतं. मोठं दाखवणारा आरसा घ्या, पाच पटीचा पुरतो. दहा पटीचा घेतला तर नाकावरची छिद्रं बघून दिवस खराब जातो. तो खिडकीत ठेवा, तोंड उजेडाकडे. ट्यूबलाइट डोक्यावर असली की डोळ्यांखालची सावली गडद दिसते आणि आपण कन्सीलर थापत सुटतो. मेकअपसाठी एकेक काच वर उचलणारा चष्माही मिळतो, एक डोळा करायचा, दुसऱ्या काचेतून बघायचं. आणि काजळ खालच्या पापणीत भरण्यापेक्षा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी ठिपके ठिपके द्या. पापणी सैल झालेली असते, लांब रेघ ओढायला गेलं की ती थरथरते. ठिपके चुकले तरी कळत नाहीत.

चोर्ला घाट

धागा वाचून बायकोला दाखवला. तिच्या मानेला बरीच वर्षं काळपट, जाडसर पट्टा आहे. ती रोज घासून घासून काढायचा प्रयत्न करते. यावर कुठली क्रीम?

बॉक्साईट रोड

क्रीम नको, घासणंही थांबवा. आधी रक्तातली साखर तपासा. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड काळपट त्वचा दिसते तेव्हा बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसतं. वजन आणि साखर आटोक्यात आली की मान हळूहळू निवळते. बायका वर्षानुवर्षं मळ समजून दगडानं घासतात.

चोर्ला घाट

उद्याच घेऊन जातो. धन्यवाद.

कणकुंबी

आमच्या इथं महिला मंडळात दहा-बारा जणी आहेत. टिळकवाडीचीताई, एखाद्या रविवारी येऊन सगळ्यांना एकदम शिकवाल का? फी सांगा.

टिळकवाडीची

येते, पण एकदम नाही. दहा जणींना एकच शेड, एकच क्रीम दाखवून आले तर मग पॅकेज काय वाईट होतं? असं करू: आधी अर्धा तास सगळ्यांशी मिळून सनस्क्रीन आणि स्टिरॉईडच्या ट्यूबचं बोलू, मग एकेकीला दारात उजेडाला बसवू. दिवस जाईल. फीचं खासगी निरोपात बोलू. सगळ्यांना आपापली पिशवी आणायला सांगा, लपवून ठेवलेल्या ट्यूबसकट.

खासबागचा_माग

एक राहिलंच. पुढच्या महिन्यात दिराच्या मुलाचं लग्न. केसांना डाय करणार आहे, ब्रँड बदललाय. मागच्या वेळी कानामागं खाज आली होती.

बॉक्साईट रोड

खाज आली होती तर नवीन ब्रँडही सरळ डोक्याला लावू नका. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ब्रँड बदलला तरी रसायन तेच. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा आणि ४८ तास थांबा. लाल झालं, खाजलं तर डाय बंद, आणि एकदा ओपीडीत येऊन जा. लग्नाच्या आदल्या रात्री अजिबात करू नका, निदान आठवडाभर आधी करा. डोळे सुजून बंद झालेल्या करवल्या आम्ही लग्नसराईत दरवर्षी बघतो.

अनगोळ_आजी

नायतर माझ्यासारखं पांढरं ठेव की. डाळिंबीवर चांगलं दिसतंय म्हणे.